‘एकच प्याला’ पडद्यावर आणताना: आधी शेवट लिहा

प्रश्न असा आहे: बडोद्यातल्या एका हौशी मराठी मंडळाने राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा, म्हणजे दारूपायी स्वतःचं आणि बायको सिंधूचं आयुष्य बुडवणाऱ्या सुधाकर वकिलाच्या नाटकाचा, अडीच तासांचा संक्षिप्त प्रयोग केला. तो रंगला. आता त्याच नटसंचात दीड तासाचा चित्रपट करायचा आहे, पैसे बेताचे आहेत. काळ 1919 चा ठेवावा की आजचा? गडकऱ्यांची भाषा आणि पदं ठेवावीत का? आणि ‘नाटकाचंच चित्रीकरण केलंय’ असं लोकांनी म्हणू नये म्हणून काय करावं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे दोन त्याच्या पोटात आहेत.

नाटकाचा सिनेमा करायला घेतला की चारही बाजूंनी एकच सल्ला येतो: नाटक घराबाहेर काढा. दिवाणखान्यात काय बसलाय, बडोद्याची मांडवी दाखवा, सूरसागर तलाव दाखवा, पावसात भिजणारा सुधाकर दाखवा. प्रहसनाला हे चालून जातं. शोकांतिकेचं मात्र यात वाटोळं होतं. शोकांतिका उभी असते ती अटळपणावर. माणूस अडकलेला आहे आणि त्याला सुटायला वाट नाही हे प्रेक्षकाला आतून पटावं लागतं. रंगमंचावर ते काम तीन भिंती फुकटात करतात. कॅमेरा मनाला येईल तिथे जायला लागला की प्रेक्षकाच्या मनात येतं, कॅमेरा जातोय तर हा का जात नाही?

एलिया कझानने 1951 मध्ये ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’चा चित्रपट केला तेव्हा आधी त्यालाही हा मोह झाला होता. नायिकेचा भूतकाळ, तिचं जुनं घर, सगळं दाखवणारी पटकथा तयार झाली, आणि ती बाजूला ठेवून तो मूळ नाटकाकडे परतला. पुढे त्याने काय केलं, तर त्या दोन खोल्यांच्या घराच्या भिंती चित्रपट पुढे सरकेल तशा आत सरकवत नेल्या. प्रेक्षकाला ते कळत नाही, पण जीव गुदमरतो.

तुम्हाला भिंती सरकवणं परवडणार नाही आणि गरजही नाही. सुधाकराच्या घराची गोष्ट उलटी आहे. तिथे सामान विकलं जातं. आधी म्युझिक सिस्टीम जाते, मग सोफा, मग फ्रिज. फ्रिज गेला की फरशीवर चार पायांचे डाग आणि भिंतीवर त्याच्या मापाचा फिकट न झालेला रंग राहतो. खोली दर प्रसंगाला मोठी होत जाते, आवाज घुमायला लागतो, शेवटी सिंधू बोलते तेव्हा तिचं कुजबुजणंही भिंतीवरून परत येतं. यासाठी एक पथ्य पाळावं लागेल: घरातले सगळे प्रसंग क्रमाने चित्रित करायचे. मोठ्या निर्मात्याला हे महाग पडतं. तुमच्याकडे एकच घर आहे आणि नट आपलेच आहेत, तेव्हा तुम्हाला ते सहज जमेल. आणि ते घर भाड्याचं, साधं, वाडीतलं किंवा दांडिया बाजारातलं घ्या. जुन्या वाड्याच्या कोरीव खांबांच्या नादी लागू नका. खांब सुंदर दिसतात आणि सुधाकर दिसेनासा होतो.

आता काळ. 1919 ठेवण्यामागची भावना मला समजते. गडकरी त्या वर्षाच्या जानेवारीत गेले आणि त्यानंतर गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग केला तो आपल्या बडोद्यात. एरवी भरजरी नेसणारे बालगंधर्व सिंधू म्हणून फाटक्या लुगड्यात इथे उभे राहिले. बडोदेकरांना याचा अभिमान असायलाच हवा. पण अभिमानातून पटकथा होत नाही. त्या काळाचे कपडे, भांडी, दिवे जमवण्यात तुमची पुंजी संपेल, आणि एवढं करून प्रेक्षकाला आयती पळवाट मिळेल: ‘त्या काळी असं व्हायचं.’

आजचा काळ घेतलात तर एक अडचण लगेच पुढे येते. सिंधू निघून का जात नाही? तिकडे नंतर येते. त्याआधी आजच्या बडोद्यात तुम्हाला काय मिळतं ते बघा. दारूबंदी मिळते. मुंबई राज्याचा 1949 चा कायदा 1960 साली गुजरात वेगळं झाल्यावरही इथे राहिला. मुंबई-पुण्याच्या कुठल्याही दिग्दर्शकाला हे मिळणार नाही, आणि दारूच्या शोकांतिकेला याहून चांगलं घर नाही.

का ते नीट सांगते. गडकऱ्यांच्या नाटकात दारू उघड आहे. सुधाकराला दारूची चटक लावणारा तळीराम चक्क ‘आर्य मदिरामंडळ’ काढतो, सभासद जमतात, भाषणं होतात. आपल्याकडे प्यायला परमिट लागतं. नसेल तर घेणं, ठेवणं आणि नुसतं पिणंही गुन्हा. म्हणजे इथला सुधाकर पहिल्या दिवसापासून एकटा पिऊ शकत नाही. त्याला आणून देणारा लागतो, ठेवायला जागा लागते आणि घरातल्यांनी गप्प बसावं लागतं. बाटली रिकामी झाली तर ती कचऱ्यात टाकता येत नाही. ती वर्तमानपत्रात गुंडाळून दुसऱ्या सोसायटीच्या कचऱ्यात नेऊन टाकावी लागते, आणि ते काम कोण करतं? सिंधू. शेजारीण विचारते, ‘भाऊ दिसत नाहीत?’ सिंधू म्हणते, ताप आहे. अशिलाचा फोन येतो, सिंधू म्हणते, बाथरूममध्ये आहेत. घर हळूहळू खोटं बोलायला शिकतं.

आता नाटकाचा शेवट आठवा. सुधाकराच्या हातून तान्हं मूल जातं, सिंधूही जबर जखमी होते, फौजदार येतो, आणि मरणाच्या दारातली सिंधू त्याला सांगते की आपणच पडलो. ऐंशी-नव्वद वर्षं प्रेक्षक या जागी रडले. आजचा प्रेक्षक इथे संतापतो, आणि त्याचं चूक नाही. पण ज्या बाईने वर्षभर दिवसातून दहादा खोटं बोलून घर झाकलं, ती याच क्षणी खरं बोलेल अशी अपेक्षाच कोण करील? पोलिसाला दारूचा वास आला तर नवऱ्यावर प्रोहिबिशनचाही गुन्हा, आधीच एकदा स्थगित झालेली वकिलीची सनद पुन्हा धोक्यात; हा हिशेब तिच्या डोक्यात सवयीने चालू होतो. पातिव्रत्याची जागा सवय घेते, आणि तोच शेवट, एकही शब्द न बदलता, पटायला लागतो. माझ्या मते शोकांतिकेचं रूपांतर म्हणतात ते हेच. प्रसंग उचलून नव्या कपड्यांत ठेवणं सोपं असतं. शेवट अटळ करणारं यंत्र नव्या जागी शोधून बसवावं लागतं. विशाल भारद्वाजच्या ‘मकबूल’मध्ये (2003) शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधल्या चेटकिणींच्या जागी कुंडली मांडणारे दोन पोलीस येतात. गंमत कुंडलीत नाही. भविष्य सांगणारे आणि ते घडवून आणायला मदत करणारे एकच, ही त्यातली मेख आहे, आणि म्हणून ते यंत्र चालतं.

या जागेवर कायदेशीर तपशील चोख ठेवा, कारण नायक वकील आहे आणि प्रेक्षकांत दहा वकील असतील. सुधाकराची सनद आज कुणी न्यायाधीश तडकाफडकी स्थगित करू शकत नाही. तो अधिकार 1961 च्या अॅडव्होकेट्स अॅक्टप्रमाणे बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीचा. त्याने तुमचं नुकसान होत नाही, उलट फायदा आहे. एका घावाऐवजी नोटीस, उत्तर, तारीख, पुढची तारीख असा घोळ सुरू होतो, आणि रिकाम्या बसलेल्या मानी माणसाला त्या तारखांच्या मध्ये भरपूर वेळ मिळतो. दारू त्या वेळात शिरते. कोर्टातला अपमान मात्र दाखवू नका. न्यायमंदिराची इमारत डोळ्यांपुढे येईल, कोर्ट आता दिवाळीपुऱ्याला गेल्यामुळे तिथे तुम्हाला काहीतरी रम्य करता येईल असंही वाटेल. नको. अपमान दाखवला की प्रेक्षक निवाडा करत बसतो, चूक न्यायाधीशाची की याची. जिना चढताना ज्याच्या हातात घामेजलेला काळा कोट आहे आणि बायकोने दार उघडल्यावर जो ‘जेवण झालंय’ एवढंच म्हणतो, तो माणूस पुरेसा आहे.

सिंधू का जात नाही याकडे येते. ‘बाईला वाटच नव्हती’ हे वाक्य आजच्या काळात तर चालणारच नाही, पण बडोद्यात ते पूर्वीसुद्धा जपून वापरावं लागलं असतं. देशभराचा कायदा 1955 मध्ये आला आणि बडोदा संस्थानात हिंदू घटस्फोटाचा कायदा 1931 सालीच झाला होता. म्हणून तिला वाट द्या. माहेरचे न्यायला येतात, नाटकातही येतात, तिथे ‘कशि या त्यजू पदाला’ हे पद आहे. तुम्ही तिला बॅग भरू द्या. खाली भाऊ गाडी चालू ठेवून उभा आहे. ती जिन्यापर्यंत येते, आणि आतून भांडं पडल्याचा आवाज येतो. ती परत आत जाते ते प्रेमाने, दयेने की शेजाऱ्यांना ऐकू जाईल या धास्तीने, हे तुम्ही सांगू नका आणि नटीलाही विचारू देऊ नका. तिला बंडखोर करण्याचा आग्रह तुमच्यातलंच कुणीतरी धरील. तो मानला तर दुसरी, कदाचित चांगली, गोष्ट होईल; पण ती ही नव्हे.

जात्याचं काय, हाही प्रश्न येणार. नाटकातली सिंधू दळणं दळते. आजची बडोद्याची सिंधू खाखरे लाटील. किलोवर मजुरी, पीठ दुसऱ्याचं, रात्री अकराला बसायचं. लाकडी दट्ट्याने तव्यावर खाखरा दाबताना एक कोरडा, एकसारखा आवाज येतो. तो आवाज तुमच्या चित्रपटाचं पार्श्वसंगीत समजा. प्रेक्षकाला त्याची सवय झाली की एका रात्री तो मध्येच थांबवा. पलीकडच्या खोलीत काय झालं ते दाखवायची गरज उरणार नाही.

भाषेबद्दल मी जरा हट्टाने बोलणार आहे. तुम्ही लिहिलंय की गडकऱ्यांची भाषा ‘जड’ वाटेल म्हणून सगळे संवाद आजच्या बोलीत करावेत असं अर्ध्या मंडळाचं मत आहे. पूर्ण बदललेत तर तुमच्याकडे दारू पिणाऱ्या वकिलाची एक साधी गोष्ट उरेल, तशा पुष्कळ आहेत. पूर्ण ठेवलीत तर क्लोज-अपमध्ये ती वाक्यं नटाच्या तोंडावर चिकटवल्यासारखी दिसतील. ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्यासाठी लिहिलेली आहेत, आणि कॅमेरा हातभर अंतरावर असतो. मला दिसणारा मार्ग असा: शुद्धीवरचा सुधाकर आपल्या नेहमीच्या बडोद्याच्या मराठीत बोलतो, मधूनमधून गुजराती शब्द टाकत, वाक्यं अर्धवट सोडत. प्याला पोटात गेला की वाक्यं लांबतात, अनुप्रास येतात, उपमा येतात. जितका जास्त प्यालेला, तितका गडकरी. आधी घरातल्यांना गंमत वाटते, मित्र ‘वा वकीलसाहेब’ म्हणतात. मग सिंधूला त्या सुंदर वाक्यांची भीती वाटायला लागते, कारण ती ऐकू आली की पुढे काय होणार ते तिला माहीत आहे. वाक्पटुता हाच या माणसाचा घात आहे, तो स्वतःविरुद्धचा खटला रोज स्वतःच जिंकतो. गडकऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी वकील निवडला असावा.

यातूनच सुधाकराचा मित्र रामलाल याच्यासमोरच्या त्या प्रसिद्ध लांब भाषणाचा प्रश्न सुटतो, जिथे सुधाकर दारूच्या पायऱ्या सांगतो आणि आपण कुठल्या पायरीवर आहोत तेही. तुमच्या प्रयोगात इथे टाळ्या पडल्या असतील. पडद्यावर टाळ्या नकोत. ‘नटसम्राट’ (नाटक 1970, चित्रपट 2016) पडद्यावर आणताना मूळ नाटकात नसलेला रामभाऊ हा मित्र आणला गेला, आणि बेलवलकरांचं पुष्कळसं बोलणं त्याला उद्देशून झालं. ऐकणारा माणूस दिला की स्वगताचं संभाषण होतं. तुमच्याकडे रामलाल आयता आहे आणि तो डॉक्टर आहे. तेव्हा कॅमेरा रामलालवर ठेवा. सुधाकर बोलता बोलता शर्टाचं बटण लावतोय आणि ते काजात जात नाहीये. रामलाल चेहऱ्याकडे पाहत नाही, बोटांकडे पाहतो. संपूर्ण भाषण या एका बटणावर जाऊ द्या. अर्धं कापलंत तरी चालेल. शेवटी बटण लावायला सिंधू पुढे येते की रामलाल, हे तुम्ही तालमीत शोधा.

कुरोसावाने ‘मॅकबेथ’चा जपानी अवतार केला (1957) तेव्हा मूळ काव्य जवळजवळ सगळं टाकलं. राणी पहारेकऱ्यांसाठी गुंगीची दारू आणायला अंधाऱ्या खोलीत जाते, दिसेनाशी होते, नुसती वस्त्राची सळसळ ऐकू येते, मग हातात भांडं घेऊन ती पुन्हा उजेडात येते. नटीच्या चेहऱ्यावर रेषाही हलत नाही. तुमच्या नटांना हा तुकडा दाखवा. रंगभूमीवरच्या माणसाला ‘काही करू नकोस’ हे सांगून समजत नाही, पाहिल्यावर समजतं.

पदांचं थोडक्यात. ओठ हलवून पद म्हणणं बंद. नाट्यपद काळ थांबवतं, आणि रंगमंचावर ते हवंही असतं. तुमच्या दीड तासात काळ थांबला की प्रेक्षक मोबाइल काढतो. एकच ठेवा, ‘चंद्र चवथिचा’. सिंधू ते काम करता करता मुलासाठी म्हणते, साथीशिवाय, मोडक्या आवाजात, एखादी ओळ विसरून. गायिकेचा आवाज वरून घालू नका, तुमच्या नटीलाच म्हणू द्या. बाकी पदांवरचं प्रेम शेजारच्या काकांच्या घरातल्या जुन्या रेकॉर्डवर भागवा, पण रेकॉर्ड वाजवणार असाल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क तपासा. तो प्रसिद्धीपासून 60 वर्षं असतो. नाटक स्वतः केव्हाच मुक्त झालंय. पदं वि. सी. गुर्जरांची आहेत, त्यांचा हिशेब नाटकापासून वेगळा करा.

सुधाकराची बहीण शरद, भगीरथ आणि रामलालच्या मनातली शरदबद्दलची ओढ हे सगळं उपकथानक काढा. दुःख करू नका. ऑलिव्हिएने 1948 च्या ‘हॅम्लेट’मधून रोझेनक्रँट्झ, गिल्डनस्टर्न आणि फोर्टिनब्रास हे तिघे सरळ वगळले, ब्रॅनाने 1996 मध्ये सगळं ठेवलं आणि चित्रपट चार तासांचा झाला. तुमच्याकडे चार तास नाहीत.

पण तळीरामाचा विनोद काढलात तर मी हा चित्रपट पाहायला येणार नाही. हौशी मंडळी गंभीर झाली की पहिली कात्री विनोदावर चालवतात. गडकऱ्यांनी हसवणं आणि रडवणं अशा अंतराने ठेवलंय की हसताना आपण तळीरामाच्या मंडळाचे सभासद झालेले असतो, आणि पुढच्या प्रवेशात सिंधूसमोर त्याची लाज वाटते. आजचं मदिरामंडळ म्हणजे हायवेवरच्या फार्महाउसवरची ‘बर्थडे पार्टी’, ज्यात बर्थडे कुणाचाच नसतो. किंवा काचा वर करून उभी केलेली गाडी, डॅशबोर्डवर शेंगदाणे आणि थम्स अपची बाटली. प्रत्येक सभासदाजवळ आपापलं कारण तयार: एकाची पाठ, एकाचं परमिट ‘प्रोसेसमध्ये’, एकाची दमणची आठवण. तळीराम त्यांना बंदीचे फायदे समजावून सांगतो. हे तुम्ही लिहाल तेव्हा खोलीतले सगळे हसले पाहिजेत. सेन्सॉरकडे गेलात तर या प्रत्येक फ्रेमच्या कोपऱ्यात मद्यपान अपायकारक असल्याची पट्टी झळकेल. पाच अंक लिहिणाऱ्या गडकऱ्यांना ती पाहून काय वाटलं असतं कोण जाणे.

सुधाकराने विष घालून घेतलेला शेवटचा प्याला ठेवायचा का, याबद्दल माझं मत ‘नको’कडे झुकतं. जो माणूस दर तारखेला जगत राहिला, त्याला विषाने सोडवणं मला सोपं वाटतं. पण ते फौजदाराचा प्रसंग कसा उतरतो त्यावर ठरेल. आजच्या रीतीने पाहिलं तर मृत्युपूर्व जबानी इस्पितळात होते, कार्यकारी दंडाधिकारी येतो, बाई शुद्धीवर असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो. तुम्ही घर सोडू नका. शेजाऱ्यांनी फोन केलाय, 108 यायची आहे, त्याआधी हद्दीतला हवालदार वर आलाय. तेवढ्या मिनिटांत सिंधू काय बोलते, सुधाकर कुठे उभा आहे, हवालदाराला वास येतो का, आणि आला तर तो काय करतो. हवालदार कदाचित तळीरामाला ओळखत असेल.

हा एक प्रसंग आधी लिहा, पाच-सहा पानांत, बाकी कशालाही हात न लावता. तो मला पाठवा. मग काळ, भाषा आणि विष यावर पुन्हा बोलू.